तीन ठिपक्यांचं ताट

आमच्या घरी भांडी धुवायचं मशीन होतं असं सांगितलं की लोक मला अजूनही वेड्यात काढतात. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, तेही नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, जेव्हा आमच्या अख्ख्या लाईनीत कपडे धुवायचं मशीनसुद्धा दोघा-तिघांकडेच होतं! ‘फेकू नको,’ म्हणतात. फेकत नाही बाबांनो. फेकायचंच असतं तर याहून बरं काहीतरी फेकलं असतं.

मशीन माझ्या मोठ्या भावाचं. तो मस्कतला नोकरीला होता. तिथल्या साहेबाने नवं मशीन घेतलं आणि जुनं याला दिलं. सुट्टीला येताना याने ते लाकडी पेटीत घालून इथवर आणलं, आणि आणल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की जळगावच्या त्याच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं. मग आलं ते माझ्या गळ्यात. आमच्या कॉलनीत पाणी भरपूर, आणि वीज तर काय, आम्हीच बनवायचो. पहिले आठ दिवस शेजारपाजारच्या बायका बघायला येत होत्या. एकीने विचारलं, ‘यात कुकर ठेवला तर भातपण होतो का?’ माझी बायको हसून हसून बेजार झाली. मी हसलो नाही. मला तेव्हा हसू फारसं यायचं नाही, आणि रडू तर नाहीच.

त्या मशीनवर आमच्या घरात एकच गोष्ट अवलंबून होती. माझ्या मायचं ताट आमच्या ताटांबरोबर राहणार की नाही, ती. ते कसं, हे आधी सांगायला हवं.

माय धुळ्याकडच्या आमच्या गावी एकटी राहायची. वडील गेल्यावर आम्ही पुष्कळ सांगितलं, पण ती हलली नाही. एकदा आम्ही गावी गेलो होतो. पोरगी आठ महिन्यांची होती. माय चुलीपाशी भाकरी करत होती, मी समोर बसलो होतो, आणि तिचा डावा हात तव्याच्या कडेला टेकलेला होता. नुसता टेकलेला. ती माझ्याशी बोलत होती, शेजारच्याच्या बैलाबद्दल काहीतरी. वास आला तो माझ्या बायकोला. ती धावत आत आली आणि तिने मायचा हात ओढून काढला. माय म्हणाली, ‘काय व्हयनं बाई?’ तिला खरंच कळलं नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या तळहातावर कापूस फिरवला. ‘लागलं की सांगा, अक्का.’ माय डोळे मिटून वाट बघत बसली. कापूस फिरत होता आणि ती वाट बघत होती. मग गरम पाण्याची काचेची नळी, मग गार पाण्याची. तिला दोन्ही सारख्याच. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. त्याचं एक पातं जरा वाकलेलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आमच्याकडे त्या आजाराला लोक महारोग म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली घेतात. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? एवढंच मनात आलं की परतीची गाडी चुकणार.

दोन वर्षं गोळ्या. डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं होतं की गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कुणाला काही होत नाही, भांड्यांनी होत नाही, एका घरात राहून होत नाही, हिला जवळ ठेवा. पण हातांची गेलेली जाणीव परत यायची नाही. तिथल्या नर्सबाईंनी मायला एक गोष्ट शिकवली. ‘आजपासून हातावर भरवसा नाही ठेवायचा, अक्का. गरम का गार, ते कोपराला विचारायचं.’ मायच्या कोपराला सगळं कळत होतं. तिने हे शाळेतल्या पोरासारखं पाठ केलं. आंघोळीची बादली असो, चहाचा पेला असो, उन्हात तापलेली कडी असो, आधी कोपर. पुढे माझी पोरगीसुद्धा तिचं बघून दुधाच्या कपाला कोपर लावायची आणि दूध सांडून मार खायची.

मायला आम्ही दीपनगरला घेऊन आलो. आणि ताटाचा प्रश्न आला.

तुम्ही म्हणाल, सून वाईट होती. नव्हती हो. मायच्या भाजलेल्या हाताची पट्टी तीच करायची, गोळ्यांच्या वेळा तीच पाळायची. बी. ए. झालेली, जळगावची, वाचणारी बाई. पण अंगावर पिणारं लेकरू होतं. एक दिवस मला म्हणाली, ‘मला कळतंय हो सगळं. पण त्यांच्या ताटात पोरीला भरवायला माझा हात धजत नाही. काय करू?’  मी बोललो नाही, केलं मात्र.

वीज केंद्रात माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं होतं. बॉयलरच्या अंगावर जागोजागी तापमान ओळखणारे सेन्सर बसवलेले असतात, ते तपासायचे, बिघडले की बदलायचे, आणि प्रत्येकाच्या पत्र्यावर नंबर कोरायचा. कोरायचं यंत्र हाताच्या मुठीएवढं. ते मी एक दिवस घरी आणलं. आमची सगळी ताटं लग्नातली, एकसारखी. त्यातल्या एका ताटाच्या, एका वाटीच्या आणि एका पेल्याच्या बुडाला मी तीन-तीन ठिपके कोरले. अदलाबदल नको म्हणून. बायकोने सांगितलं नव्हतं, ही माझी अक्कल. माय उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, ‘चांगलं करं भाऊ. आते गल्लत नही.’ तेव्हापासून दोन वर्षं ती तीन भांडी मागच्या नळाशेजारच्या कठड्यावर पालथी असायची. माय ती स्वतः घासायची, स्वतः उचलून आणायची, आणि जेवताना जरा अंतर ठेवून बसायची. गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी ‘बऱ्या झाल्या’ म्हणून कागद दिला. कागद कपाटात गेला, ताट कठड्यावरच राहिलं.

मग ते मशीन आलं. बायकोने त्याचं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं आणि संध्याकाळी मी दारात पाय ठेवताच म्हणाली, ‘अहो, यात पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापतं! हात घालवणार नाही इतकं. असल्या पाण्यात काय टिकणार आहे? आता आत्याबाईंचं ताट आपल्यातच टाकता येईल.’ तिचे डोळे भरले होते. तिच्याही मनावर ते ताट दोन वर्षं बसलेलं असणार. मी म्हटलं, ‘टाक की.’ डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं की भांड्यांनी काही होत नाही. पण जे डॉक्टरांच्या शब्दाने जमलं नाही ते पासष्ट आकड्याने जमलं. बरंच झालं म्हणायचं.

पहिल्या दिवशी मशीन सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत माय त्याच्यासमोर पाट टाकून बसली होती. दार उघडलं आणि आठ ताटांमध्ये तिचं ताट उभं होतं. कुठलं ते ओळखू येईना. तिने पदराने तोंड पुसलं. त्यानंतर मशीन तिचंच झालं. पहिल्या आठवड्यात तिने साबणाच्या खणात मूठभर राख घातली, कारण राखेशिवाय भांडं निघतं यावर तिचा विश्वासच नव्हता. राखही साधी नाही. ती गावाकडून चुलीची डब्यात भरून आणायची. वीज केंद्राच्या चिमणीची राख कॉलनीत सगळ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर फुकट पडायची, पण ती तिला चालत नसे. ‘ती कोयसानी शे,’ म्हणायची, म्हणजे कोळशाची, चुलीतल्या लाकडाची नाही. राखेने मशीन घरघरायला लागलं तेव्हा मी तिच्यावर असा खेकसलो की पोरगी पलंगाखाली जाऊन बसली.

पुढे तिने राख मशीनमध्ये घालायची सोडली, पण मागच्या नळावर सोडली नाही. मशीन येऊन दोन महिने झाले असतील-नसतील, ती सगळी ताटं आधी नळावर राखेने घासून, धुवून मग मशीनमध्ये लावायला लागली. आम्ही चिडवायचो. ‘माय मशीनला घास भरवते,’ मी म्हणायचो. बायको म्हणायची, ‘आत्याबाई, मग ते मशीन करतं तरी काय?’ माय म्हणायची, ‘ते त्यानं काम करस, मी मनं करस.’ भांडी बाहेरही तीच काढायची. दुसरं कुणी दाराला हात लावला की लगेच ओरडायची, ‘सरका, सरका! बठ्ठं तापेल शे! तुमना हात भाजतीन. मना हातले काय व्हस?’ सगळं तापलंय, हे आम्हाला पटायचं. तिच्या हातांना खरंच काही होत नव्हतं.

असं दीड वर्ष गेलं. आमच्या घरात त्या काळात ताट हा विषय निघाला नाही.

मग धुळ्याला मावशीचा पाय मोडला आणि माय चार दिवस तिच्याकडे गेली. दुसऱ्याच दिवशी बायकोने शेवभाजी केली. लाल तर्री, वर बोटभर तेल. जेवल्यावर ताटं न घासता तशीच मशीनमध्ये लावली, म्हणाली, मशीन कशासाठी आहे? तासा-दीड तासाने तिची हाक आली. ‘अहो, इकडे या जरा.’ ताटांना तेलाची लाल वर्तुळं जशीच्या तशी. आणि ताटं गार. मी मशीन पुन्हा रिकामं लावलं, मध्येच थांबवून आत हात घातला. माठातल्या पाण्यासारखं गार.

‘आजच बिघडलं असेल ना?’ बायकोने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

‘आजच,’ मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

 मग तिने रॅकमधली ताटं एकेक उलटी करून बघितली, तीन ठिपक्यांचं सापडलं तसं बाजूला काढलं. माझ्या ठिपक्यांचा उपयोग झाला. ‘मशीन नीट होईतोवर आत्याबाईंचं मागे ठेवते,’ ती म्हणाली. ‘फक्त तोवर हं. लवकर करा काय ते.’ मी ‘हं’ म्हणालो. माझ्या तोंडातून त्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द तोच असेल.

माय परत आली. हातातली पिशवी ठेवायला मागच्या दाराशी गेली आणि तिला कठड्यावर ताट दिसलं.  मी म्हटलं, ‘मशीन बिघडलं माय. पाणी तापत नाही.’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कव्हय नीट व्हई?’ दुसरं काही नाही. त्यानंतर रोज मी ड्यूटीवरून आलो की हाच एक प्रश्न, आणि रोज तिचं ताट कठड्यावर.

सुट्टीच्या दिवशी मी गोधडी अंथरून मशीन पाठीवर आडवं केलं आणि बुडाचा पत्रा काढला. दिवसभर पोटासाठी जे करायचो तेच घरी करायला बसलो होतो, फक्त इथे बॉयलर नव्हता, एक पत्र्याची पेटी होती. टाकीच्या बुडाला सदऱ्याच्या मोठ्या गुंडीएवढा सेन्सर होता, त्याला दोन वायरी. पाणी तापलं की त्याने ‘तापलं, बस’ म्हणून सांगायचं, एवढंच त्याचं काम. मी तो काढला, गार पाण्याच्या वाटीत ठेवला आणि मीटर लावला. तो म्हणाला, तापलं. उकळत्या पाण्यात ठेवला. तापलं. नुसता ओट्यावर ठेवला, तरी तापलं. त्यामुळे हीटरला वीजच जात नव्हती, आणि मशीन बिचारं पाणी तापलं असं समजून गार पाण्यात भांडी धूत होतं. एवढंच असतं तर काही नव्हतं.

पण मी हीटरचा गज बघितला. आमच्याकडच्या पाण्याने गिझरच्या गजावर सहा महिन्यांत पांढरा थर चढतो, चमच्याने खरवडावा लागतो. या गजावर पीठ भुरभुरावं तेवढाच थर होता. महिना-दोन महिने तापला असेल, तेवढाच. मशीन येऊन तर दीड वर्ष झालेलं. म्हणजे ते आज बिघडलं नव्हतं, परवाही नव्हतं. सव्वा-दीड वर्ष आमची सगळ्यांची ताटं मायच्या ताटाबरोबर गार पाण्यात धुतली जात होती. त्याच ताटांत आम्ही जेवलो होतो, पोरगी जेवली होती. कुणाला काडीचंही काही झालं नव्हतं.

शहाणा माणूस तो गज घेऊन तसाच स्वयंपाकघरात धावला असता. मी गोधडीवर बसून राहिलो. सांगितलं तर एकतर बायकोची भीती कायमची गेली असती, नाहीतर पोरीला कडेवर घेऊन तिने जळगावची गाडी धरली असती. दोन्हीतलं काय होईल ते मला सांगता येईना. गज पुसून परत बसवला आणि तोंड मिटून घेतलं. तेव्हा सगळंच असं पांढऱ्या थराखाली असल्यासारखं होतं माझं. मायचा विचार माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. रोज भांडी काढणाऱ्या बाईला हे कळलं कसं नाही, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही, आणि मी म्हणे सेन्सर तपासणारा!

भावाला मस्कतला फोन लावला. तो म्हणाला, ‘पुढच्या सुट्टीला येताना आणतो.’ पुढची सुट्टी म्हणजे पुढचं वर्ष. त्या महिन्यात मायला वर्षाच्या तपासणीसाठी धुळ्याला न्यायचंच होतं, म्हणून तो सेन्सर खिशात टाकून निघालो. डॉक्टरांनी पुन्हा कापूस फिरवला, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, ‘तब्येत उत्तम. तुम्ही कधीच बऱ्या झालात, अक्का.’ माय ‘हो’ म्हणाली. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, ‘आते ते मशीननं सामान कोठे भेटी?’

फ्रिज आणि हॉटेलांचे चहाचे बॉयलर दुरुस्त करणारा एक म्हातारा मुसलमान मिस्त्री मावशीच्या ओळखीचा होता. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने मायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मी काय शोधतोय ते ऐकून कपाळाला हात लावला. ‘भांडी धुवायचं मशीन! या अल्ला! मग घरातल्या बायका काय करतात, भाऊ?’

माय स्टुलावरून म्हणाली, ‘मशीनना पहिले घासतस.’

मिस्त्री इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. माय हसली नाही.

त्याने बिस्किटांचे तीन डबे पालथे केले. त्यात असल्या गुंड्याच गुंड्या. चष्मा कपाळावर चढवून, एकेक डोळ्याजवळ धरून त्याने शेवटी एक काढली, तिच्यावर बारीक अक्षरांत पासष्ट लिहिलेलं होतं. कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या परदेशी बॉयलरमधून काढलेली. स्टोव्हवर पाणी ठेवून त्याने ती माझ्यासमोर तपासली. गार पाण्यात ती गार सांगत होती, पाणी तापल्यावर तापलं सांगत होती. ‘ही खोटं बोलणार नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘बोलली तर आणून माझ्या तोंडावर फेका.’

येताना बसमध्ये ती पुडी मायने मांडीवर धरली होती. बोटांना तिचं असणं कळत नव्हतं म्हणून मधूनमधून खाली बघून खात्री करत होती. एरंडोल गेल्यावर म्हणाली, ‘आते खरंच गरम व्हई का रे?’

‘हो.’

‘मंग मनं ताट मझार येई?’

‘आत येईल माय. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं.’

‘बरं,’ म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, खुशीत आहे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी सेन्सर बसवायला घेतला. नवी गुंडी जुन्या खाचेत बसेना, किंचित मोठी. कानस घेऊन खाच वाढवली, वायरी लावल्या, मशीन उभं केलं. दुपारच्या जेवणाला मुद्दाम शेवभाजी होती. बायकोने ताटं न घासता लावली, कठड्यावरचं तीन ठिपक्यांचं ताट स्वतः आणून मधोमध ठेवलं, आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने मी दारावर हात ठेवला. दार कोमट लागत होतं. मग गरम. ‘तापतंय,’ मी म्हणालो. बायकोने देवाला करावा तसा मशीनला नमस्कार केला आणि पोरीनेही केला.

मशीन थांबलं. सवयीप्रमाणे माय पुढे आली. ‘सरका, गरम शे,’ म्हणाली आणि तिने दार उघडलं. वाफेचा लोट आला. बांगड्या मागे सारून तिने पहिल्या ताटाला कोपर लावलं. बादलीला लावायची तसंच, चहाच्या पेल्याला लावायची तसंच.

आणि झटका बसल्यासारखी मागे आली. ‘आय माय! भाजनं!’

कोपर लाल झालं होतं. पोरगी खदखदून हसली. बायको पाणी आणायला धावली. ‘असं कसं हो आत्याबाई! रोज तर तुम्हीच काढता!’

‘आज जास्त शे,’ माय म्हणाली.

मी हातात पाना घेऊन उभा होतो. मला तेव्हा कळलं. कोपराला विचारल्याशिवाय माय कशालाच हात लावत नव्हती. म्हणजे रोज, दोन्ही वेळा, तिने ताटांना कोपर लावलं होतं, आणि ताटं गार होती. मशीन तापायचं थांबलं त्या दिवसापासून तिला माहीत होतं. माहीत असून ती रोज ओरडत होती, सरका, बठ्ठं तापेल शे. कुणी हात लावू नये म्हणून. गार पाण्यात तेल निघणार नाही, ते दिसलं तर मशीन उघडं पडेल, म्हणून ती सगळ्या घराची भांडी आधी नळावर राखेने घासत होती. न कळणाऱ्या त्या हातांनी, सव्वा वर्ष, दोन्ही वेळा. एक ताट आमच्या ताटांत राहावं म्हणून. आणि मी तिला चिडवत होतो, माय मशीनला घास भरवते.

मायने माझ्याकडे बघितलं. मला कळलंय, हे तिला कळलं. बायको बर्फ आणायला शेजारी गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘सूनले सांगू नको.’

‘नाही सांगत.’

‘कोनले काही व्हयनं नही ना रे इतला दिन?’

‘नाही माय. कुणाला काही झालं नाही.’

मला माझी लाज वाटली. किती वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि वाटली ती लाज.  सेन्सर बदलला, गज पुसला, धुळ्यापर्यंत जाऊन आलो, आणि ते ठिपके? ते कुणी कोरले होते? च्यायला, मीच ना? मशीन उद्या पुन्हा बिघडलं की बायको पुन्हा ताटं उलटी करून तेच ताट शोधणार होती, आणि शोधायची सोय मी करून ठेवली होती.

स्टीलवर कोरलेलं पुसता येत नाही. घासलं तर बूड फाटतं. दुसऱ्या दिवशी मी ते कोरायचं यंत्र पुन्हा घरी आणलं. मागच्या पायरीवर बसलो आणि घरातली सगळी ताटं, वाट्या, पेले काढून प्रत्येकाच्या बुडाला तीन-तीन ठिपके कोरले. पोरीच्या छोट्या ताटलीलासुद्धा. कर्र कर्र आवाज ऐकून बायको बाहेर आली.

‘हे काय चालवलंय?’

‘ठिपके घालतोय.’

तिने एक ताट उलटं केलं. मग दुसरं, मग तिसरं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भडकणार, आणि भडकली असती तर त्या दिवशी मीही भडकलो असतो, सगळं बोललो असतो.  पण ती ढीग उचलून आत घेऊन गेली.

संध्याकाळी बायकोने ताटं मांडली. पोरीची ताटली तिने बाजूला ठेवली आणि ढिगातलं वरचं ताट तिच्यापुढे घेतलं. भाकरी कुस्करायला हात घातला आणि हात थांबला. मी बघत होतो. एवढाच क्षण, चुलीवरचं दूध बघावं तेवढा. मग तिने भाकरी कुस्करली, वर भाजी घातली आणि पोरीला पहिला घास दिला.

माय भिंतीशी उभी होती. उरलेली ताटं तिने एकेक उलटी करून बघितली, बोटांनी नव्हे, डोळ्यांजवळ धरून. सगळी बघून झाल्यावर तिने मला विचारलं, ‘यामा मनं कोनतं रे?’

‘कोणतंही घे माय.’

तिने हाताजवळचं ताट घेतलं आणि आमच्या शेजारी येऊन बसली. बायकोने तिला भाजी वाढली.